व्हॅल्युअरची दुसरी फेरी

ताई नर्स; तिची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली. सर्जनने हात पुढे केला की हवी ती वस्तू आपसूक त्या हातात पडली पाहिजे, त्याला मागायची वेळ येता कामा नये, हे तिने एकतीस वर्षं पाळलं. निवृत्तीनंतर ही शिस्त घरच्यांच्या वाट्याला आली आणि घरचे तिच्यापासून जरा बिचकूनच राहू लागले. पण धाकट्या बहिणीच्या घराची विक्री अडली, तेव्हा तिलाच बोलवावं लागलं.

धाकटीचे यजमान शाळेत सुतारकाम शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांच्या गुडघ्यांनी जिन्याशी उभा दावा मांडला होता, म्हणून दुमजली घर विकून ताईच्या शेजारचं तळमजल्यावरचं घर घ्यायचं ठरलं. गिऱ्हाईक मिळालं. आता गिऱ्हाइकाच्या बँकेने घराचं मूल्यांकन केलं की त्याचं कर्ज मंजूर होणार होतं. ताईचा शेजारी मात्र महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता.

बँकेचा व्हॅल्युअर आला आणि नेमकी गच्चीच्या दाराची किल्ली सापडेना. नकाशा कुठे आहे ते कुणालाच आठवेना. मागच्या खोलीत इतकं सामान कोंबलेलं, की त्याला भिंतीपर्यंत पोचता येईना. तासभर ताटकळून त्याने वही मिटली. पुढची तारीख मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची, म्हणजे महिना उलटून गेल्यावरची.

धाकटीने रडत फोन केला.

"रडून झालं की चहा ठेव," ताई म्हणाली, "मी निघालेय."

येताच तिने व्हॅल्युअरच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाईंनी आधीची तारीख नाही म्हणून सांगितलं. ताईने वाद घातला नाही.

"तारीख राहू द्या. साहेबांना आमच्याकडे काय काय लागेल, तेवढं सांगाल?"

हे बहुधा बाईंना कुणी विचारत नसावं. मग त्यांनी अख्खी यादी वाचून दाखवली आणि ताईने ती उतरवून घेतली.

"आणि कुणाची भेट रद्द झाली तर आम्हाला कळवा. अर्ध्या तासात या म्हणालात तरी आम्ही तयार असू."

पुढचे दोन दिवस ताईने दोघांना घराबाहेर हलू दिलं नाही, आणि घरात बसूही दिलं नाही. प्रत्येक किल्ली तिच्या कुलुपात फिरवून पाहिली, तिला चिठ्ठी बांधली. गच्चीची किल्ली शिवणाच्या डब्यात निघाली. नकाशा गादीखाली सापडला. मागची खोली म्हणजे पूर्वीची बंद करून घेतलेली बाल्कनी; तिच्या परवानगीचा कागद मास्तरांच्या हत्यारांच्या खणात, पॉलिशपेपरच्या गठ्ठ्याखाली होता. सामान गच्चीवर गेलं आणि खोलीला भिंती आहेत हे धाकटीला नव्याने कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई त्या खोलीत गेली, तर एका भिंतीला कपाट टेकलेलं.

"मास्तर, हे इथे कसं आलं?"

"शोभतं तिथे."

"काल पलीकडे शोभत होतं."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. "मागे ओलीचा डाग आहे. तो बघितला की व्हॅल्युअर भाव पाडेल."

"आणि कपाट सरकवून बघितलं तर? मग त्याला सगळ्याच भिंतींचा संशय येईल. पुन्हा येईल, आणखी कुणाला तरी बरोबर घेऊन येईल. महिना तिथेच संपेल."

"पाइप बदललाय हो गेल्या वर्षी. नुसता डाग उरलाय. पण या घरात कुणाला आणताना मी कधी मान खाली घातली नाही, ताई."

ताईचा आवाज जरा उतरला. "आताही घालू नका. प्लंबरची पावती शोधा, आपण सरळ दाखवू."

धाकटी इतका वेळ दारात उभी होती. ती पुढे झाली आणि कपाटाला खांदा लावला. "एवढी वर्षं मी त्या डागाबरोबर राहिलेय. व्हॅल्युअरलाही एकदा बघू दे."

तिघांनी मिळून कपाट परत पलीकडे नेलं.

चौथ्या दिवशी पावणेअकराला फोन आला. कुणाची तरी भेट रद्द झाली होती, साहेब जवळपासच होते. व्हॅल्युअर आला तोच मुळी कपाळाला आठ्या घालून. टेबलावर नकाशा, परवानगी, पावत्या, सगळं ओळीने मांडलेलं पाहून त्या आठ्या निम्म्या उतरल्या. ताई त्याच्या दोन पावलं मागे राहिली. दाराशी पोचायच्या आत किल्ली त्याच्या हातात, माळ्याकडे मान वळवली की शिडी लावलेली. बोलली मात्र विचारलं तेवढंच.

मागच्या खोलीत तो डागापाशी थांबला. भिंतीला एक छोटं यंत्र टेकवलं, आकडा पाहिला, पावती वाचली.

"कोरडी आहे," एवढं बोलून तो पुढे गेला.

जिन्यात मात्र उगीचच रेंगाळला. कठड्यावरून हात फिरवत म्हणाला, "हे कुणाचं काम?"

"माझं," मास्तर खुर्चीतूनच म्हणाले. मग लाकडाच्या जोडांबद्दल पाच मिनिटं बोलणं झालं. ती पाच मिनिटं ताईच्या हिशेबात नव्हती, पण तिने ती जाऊ दिली.

पाऊण तासात सगळं आटोपलं. चहा घेताना व्हॅल्युअरने ताईला विचारलं, "तुम्ही आमच्या लाइनमध्ये होता का?"

"नाही, हॉस्पिटलात."

"तरीच," तो म्हणाला. नेमकं काय ते त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अहवाल बँकेत पोचला. घराची किंमत मास्तरांच्या मनातल्या आकड्याहून थोडी खाली लागली, पण गिऱ्हाइकाचं कर्ज त्यात बसलं. 'सुतारकाम उत्तम दर्जाचे,' अशी एक ओळ त्यात होती. मास्तरांनी ती स्वतः वाचली, धाकटीकडून वाचून घेतली, आणि भाव पडल्याचं पुन्हा काढलं नाही.

महिना संपायला चार दिवस असताना ते ताईच्या शेजारी राहायला आले. सामान लागायच्या आधीच धाकटीने मागचं दार उघडलं. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढं कुंपण होतं. पलीकडे ताई कपडे वाळत घालत होती, सगळ्या क्लिपा एका रंगाच्या.

"ताई, मी आमच्या घरात क्लिपा कशाही लावणार हं," धाकटी म्हणाली.

"लाव की," ताई म्हणाली, आणि कुंपणावरून क्लिपांचा डबा तिच्याकडे सरकवला.