दोषाचा रकाना

मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, आणि हे म्हणाले, “आज रस्ता किती शांत आहे, नाही?”

मी आरशात पाहिलं. ट्रकवाला रागाने लालबुंद झाला होता. मी गाडी बाजूला घेतली. पुढे जाता जाता त्याने खिडकीतून काहीतरी शेलकं ऐकवलं. ते मला एकटीलाच ऐकू आलं. हे मांडीवरच्या वेळापत्रकावर बोट ठेवून बसले होते.

“पूल झाला. आता खिंडीत दोन चाळीस,” ते म्हणाले. “जरा दाब गाडी. म्हातारी कुणासाठी थांबत नाही.”

म्हातारी म्हणजे वाफेचं इंजिन. एरवी ते शेडमध्ये झाकून ठेवलेलं असतं. वर्षातून दोन-तीनदा धुऊनपुसून बाहेर काढतात, मागे जुने डबे जोडतात आणि मुख्य मार्गावरून, रोजच्या विजेच्या गाड्यांच्या मधून, हौशी लोकांना फिरवून आणतात. गाडीत बसणारे हौशी वेगळे आणि रस्त्याने तिच्यामागे धावणारे आमच्यासारखे वेगळे. पूल, चढ, वळण, जिथे म्हणून ती छान दिसते तिथे तिच्या आधी पोहोचायचं. ती गेली की चंबूगबाळं आवरून पुन्हा पुढे पळायचं. बाकीचे सगळे फोटो काढतात. हे आवाज घेतात. तीस वर्षं झाली. मी तिला सवत म्हणते. शंभर टनांची सवत माझ्या वाट्याला आली, आणि वर तिच्यामागे नवऱ्याला घेऊन जायला गाडीही मीच चालवते!

हे पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचे. लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते सांगायचं. ह्यांनी खडूने फुली मारली की लोक डोळे मिटून तिथे खणायचे. खात्यात सगळे ह्यांना कानसेन म्हणत, तेच नाव म्हातारीमागे धावणाऱ्या मंडळींनीही उचललं. निरोप समारंभात साहेब हसत हसत म्हणाले होते, “शेवटच्या वर्षी आमच्या कानसेनच्या सात फुल्या चुकल्या. पण त्यांचा काय दोष? नळच म्हातारे झालेत.” सगळे हसले. हेही हसले. मला मात्र त्या दिवसापासून धाकधूक लागली ती लागलीच.

घरी टेपांची खोकी ओळीने लावलेली आहेत, दोनशे सहा. प्रत्येकावर ह्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात पाच रकाने: इंजिन, जागा, हवा, अंतर, दोष. अंतर म्हणजे रुळांपासून किती पावलांवर उभं राहून आवाज घेतला ते. दोष म्हणजे टेपवर नको ते काय आलं: कुत्रं, विमान, कुणाचा तरी खोकला. टेप एक्केचाळीसवर लिहिलंय, ‘दोष: पत्नीची शिंक.’ त्या शिंकेपायी हे माझ्याशी चार दिवस बोलले नव्हते. तेव्हापासून आमच्यात एक नियम झाला. यंत्रावरचा लाल दिवा लागला की मी तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. उरलेल्या एकशे पासष्ट टेपांवर माझा श्वाससुद्धा नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन.

त्या फेरीच्या महिनाभर आधी खोकी पुसताना मी पहिल्यांदाच अंतराचा रकाना ओळीने वाचला. पहिल्या टेपवर एकशे वीस पावलं होती. पुढे नव्वद, मग साठ. गेल्या वर्षी तीस, या वर्षी एकोणीस. मी फडकं हातात धरून तशीच खाली बसले. हे नेहमी म्हणायचे, म्हातारीचा आवाज बसलाय. आवाज तिचा नव्हता बसला.

फेरीच्या दिवशी सकाळी चहा ओतताना मी विषय काढलाच. “उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या.”

“काय?”

मी समोर जाऊन पुन्हा म्हटलं. ह्यांनी कप खाली ठेवला.

“आजचा दिवस जाऊ दे,” ते म्हणाले. “आज तिची शेवटची फेरी. बॉयलरची मुदत संपली, उद्यापासून ती कायमची उभी. मला एवढी एक टेप घेऊ दे. मग तू म्हणशील तिथे येतो.” मग म्हणाले, “पण त्या लोकांपुढे काही बोलू नकोस. कानसेन बहिरा झाला म्हणून हसतील. शपथ आहे तुला.”

तीस वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मी मान डोलावली.

खिंडीत पोहोचलो तेव्हा कडेच्या उतारावर वीस-बावीस जण कॅमेरे लावून बसले होते. तिथे दोन रूळमार्ग आहेत. पलीकडचा चढाचा, त्यावरून म्हातारी येणार. अलीकडचा, आमच्या पायाशी असलेला, उताराचा. त्यावरच्या गाड्या वळणाआडून येतात, त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. आणि विजेच्या गाड्यांना आवाज तो केवढा! वरून वारा आल्यासारख्या येतात.

पोस्टमास्तर, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, ह्यांचे जुने दोस्त. ते माझ्या हातातलं स्टूल घेत म्हणाले, “वहिनी, म्हातारी बावीस मिनिटं लेट आहे. म्हणजे उतारावरची एक्सप्रेस आणि ती, दोघींची गाठ इथेच पडणार. कानसेनना सांगून ठेवा.” मग स्वतःच हसले. “त्यांना काय सांगायचं म्हणा! त्यांना आपल्या आधी ऐकू येईल.”

मी हसले नाही. तशीच ह्यांच्याकडे गेले.

“अहो, अलीकडच्या रुळावर एक्सप्रेस यायची आहे. म्हातारी येईल त्याच वेळी. ऐकलंत का?”

“हो, हो,” हे म्हणाले आणि मान डोलावली.

ती मान मला ठाऊक होती. हल्ली भाजीवाल्यापुढे, जावयापुढे, बातम्यांपुढे तीच मान डोलते. मला पुन्हा सांगायचं होतं, मोठ्याने, पण पोस्टमास्तर चार हातांवर उभे होते आणि मी शपथ घेऊन बसले होते. मी ह्यांची बाही ओढून रुळाकडे बोट दाखवलं. ह्यांना वाटलं, मी जागा दाखवते आहे.

“हो, तिथेच,” ते म्हणाले. “आज जवळ जावं लागेल.”

यंत्र नेहमी माझ्याजवळ वर असतं, जमिनीच्या हादऱ्यापासून लांब. मी आवाज मोजणारे काटे बघते. काटा लाल पट्टीत गेला की बटण थोडं मागे घेते. माइक आणि हेडफोन यांच्या चाळीस फुटी वायरी ह्यांनी स्वतः जोडून घेतल्या आहेत. त्या वायरी सोडत हे उतरले. कुंपणाची तार जिथे तुटली आहे तिथून वाकून पलीकडे गेले. मी पावलं मोजत होते. अलीकडच्या रुळाच्या खडीत पाय रोवून ह्यांनी माइकचा स्टँड उभा केला, तेव्हा पलीकडचा रूळ नऊ पावलांवर राहिला होता आणि अलीकडचा एका पावलावर.

कुणीच हटकलं नाही. कोण हटकणार? सगळ्यांत जुने हे, सगळ्यांत तिखट कान ह्यांचे. ह्यांनी हेडफोन चढवले आणि हात वर केला. ही आमच्या मंडळींची रीत. कानसेनचा हात वर गेला की कुणी बोलायचं नाही, हात खाली येईपर्यंत. वीस-बावीस माणसं एकदम गप्प झाली. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. आणि ह्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून घेतले. ती दिसली की नीट ऐकू येत नाही, असं ह्यांचं म्हणणं.

आधी लांबून धूर दिसला. मग धापा ऐकू आल्या. चढ तिला जड जात होता. एकेक धाप खिंडीच्या दोन्ही भिंतींवर आदळत वर येत होती आणि काटे हळूहळू उठत होते. सगळे कॅमेरे तिकडे वळले. सगळ्यांची पाठ वळणाकडे.

तेवढ्यात वळणाआडून हॉर्न वाजला.

काटा टुणकन उडाला. मी वळणाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. ह्यांचे डोळे मिटलेलेच. चेहऱ्यावर हसू होतं. पायाखालची खडी हादरायला लागली असणार, आणि ह्यांना वाटलं असणार, म्हातारी आली.

मी तोंड उघडलं. आवाज निघेना. लाल दिवा माझ्या समोर होता. मनात आलं, ऐकलं असेल त्यांनी, आत्ता मागे सरतील. मनात आलं, शेवटची टेप आहे. मनात आलं, ओरडले तर सगळ्यांना कळेल. काय काय मनात आलं देवा, आणि तोंड तसंच उघडं! वळणातून एक्सप्रेसचं निळं तोंड बाहेर पडलं.

“अहो!” मी किंचाळले. “अहो!”

उतारावरचे सगळे पुरुष गर्रकन वळले. एकूण एक. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच हाक मारली. वळले नाहीत ते फक्त हे.

मग काय केलं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. मी हेडफोनची वायर दोन्ही हातांना गुंडाळली आणि सगळा जीव एकवटून ओढली. हेडफोन ह्यांच्या डोक्यावरून उडाले. हे डोळे उघडून वळले. इतका संताप मी ह्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. बोट नाचवत, “लाल दिवा! लाल दिवा चालू आहे ना!” असं ओरडत तरातरा माझ्या अंगावर चढ चढून आले. एक पाऊल, दोन, चार.

पाचव्या पावलाला एक्सप्रेस ह्यांच्या पाठीमागून गेली. माइकचा स्टँड उडाला. ह्यांची टोपी उडाली. तिचे डबे संपेचनात, आणि तिच्या पलीकडून कुठेतरी म्हातारी गेली, नुसता धूर दिसला. तिचा फोटो कुणीही काढला नाही.

हे मागे वळून बघत राहिले. मग तिथेच खाली बसले. पोस्टमास्तर धावत आले.

“वहिनी, हॉर्न आम्हीही ऐकला हो,” ते म्हणाले. “आम्हाला वाटलं, कानसेनना तर ऐकू आलाच असेल...”

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. एकेकाच्या लक्षात येत गेलं. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी आपापली सामानं आवरायला घेतली. एकाने टोपी शोधून आणली आणि ह्यांच्या शेजारी ठेवली.

“म्हातारी गेली?” ह्यांनी मला विचारलं.

“गेली.”

“मला नाही ऐकू आली.”

डॉक्टरांनी उजव्या कानात थोडं उरलंय म्हणून सांगितलं, डाव्यात काहीच नाही. खिंडीतून परत आल्यावर आठ दिवस यंत्र पलंगाखाली होतं. नवव्या दिवशी ह्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं, टेप लावली आणि हातात थांबघड्याळ घेऊन काट्यांपुढे बसले. मी शेजारी उभी राहिले. म्हातारीच्या धापा सुरू झाल्या. त्या मला ऐकू येत होत्या. हे काटे बघत होते.

काटा उडाला.

“हे काय?” ह्यांनी विचारलं.

मी उजव्या कानाशी वाकले. “एक्सप्रेसचा हॉर्न.”

मग नुसत्या धापा. धापा. धापा. पुन्हा काटा उडाला.

“आणि हे?”

“मी. अहो म्हणून ओरडले.”

ह्यांनी टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. पहिल्या उडीला घड्याळ सुरू केलं, दुसऱ्या उडीला थांबवलं. घड्याळाकडे पाहिलं.

“मध्ये नऊ सेकंद आहेत,” ते म्हणाले.

मी काहीही सांगू शकले असते. गाडी लांब होती, दुसऱ्याच गाडीचा हॉर्न होता. ऐकून खातरजमा करायला ह्यांना कान कुठे होते? आठ दिवस ते नऊ सेकंद माझ्या उरावर बसले होते, मला घास गिळू देत नव्हते.

“लाल दिवा चालू होता,” मी म्हणाले.

“काय?”

मला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने, शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्याने सांगावं लागलं. “लाल दिवा चालू होता! म्हणून मी गप्प बसले!”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. यंत्र बंद केलं, टेप काढून नव्या खोक्यात ठेवली, चष्मा पुसला आणि पेन उघडलं. टेप दोनशे सात. इंजिनाचा नंबर लिहिला. जागा: खिंड. हवा: कोरडी. अंतर: नऊ पावलं. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मी तिथून जायला निघाले, तर ह्यांनी माझा पदर धरून ठेवला.

मग ह्यांनी लिहिलं, ‘दोष: नाही.’

शाई वाळू दिली, पेनाला टोपण लावलं आणि खोकं फळीवर ठेवायला माझ्या हातात दिलं.