भेट द्यावी

तुम्ही माझ्या मुलीचे दहा शनिवार खाल्लेत. हो, तुम्हीच, ज्यांनी आमच्या घटस्फोटाचा निकाल लिहिला. पोटगीचं कलम सात ओळींचं: किती, कधी, कुठल्या खात्यात, उशीर झाला तर काय. बापाचं कलम मात्र एका ओळीत उरकलंत: 'वडिलांनी दर शनिवारी दुपारी दोन ते पाच या वेळेत मुलीस भेट द्यावी.'

पोटगी वेळच्या वेळी येते, तक्रार नाही. तक्रार त्या एका ओळीची आहे.

पहिल्या शनिवारी आमची टिकली, वय वर्षं सात, दीड वाजल्यापासून नवा फ्रॉक घालून पायरीवर बसली. दोनच्या ठोक्याला बाप आला. तो दुकानांची शटरं दुरुस्त करतो. नखांतलं ग्रीस कधी जात नाही. उंबऱ्याबाहेरूनच त्याने तिच्या हातात बाहुली दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेला. तीन तास ठरलेले, तीन मिनिटंही थांबला नाही.

पुढच्या शनिवारी रंगपेटी. मग सापशिडी. मग बॅडमिंटनच्या दोन रॅकेटी. दर वेळी तेच: दिलं, हात फिरवला, चालू पडला.

"बाबाला घाई असते का गं?" टिकली विचारायची. मी हो म्हणायचे. खरं सांगते, मला आतून बरंच वाटायचं. माणूस नालायक आहे याचा पुरावा दर आठवड्याला घरपोच मिळत होता. मी कशाला थांब म्हणू?

टिकलीने खोकी उघडणं सोडलं. न उघडलेली खोकी कपाटावर जाऊन पडली. अकराव्या शनिवारी पोरगी दारामागे लपली. "आई, मी घरी नाही असं सांग."

तेव्हा माझं डोकं फिरलं. लॉन्ड्रीत सकाळभर इस्त्री फिरवून आले होते, अंगात वाफ होतीच.

"काय रे, तू बाप आहेस की कुरिअरवाला? पोच म्हणून सही देऊ का?" लग्नात मी अहो म्हणायचे, निकालानंतर अरेवर आले होते.

तो गडबडला. खिशातून निकालाची घडी काढली, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली. "हे बघ. भेट द्यावी. दिली की! एकदा तरी चुकलो?"

"आणि दोन ते पाच?"

"त्या वेळात द्यायची. मी दोनलाच देतो, उगाच उशीर नको."

मला हसूच फुटलं. "अरे शहाण्या, भेट द्यायची म्हणजे येऊन भेटायचं! तिच्याबरोबर बसायचं!"

"बसायचं कुठे लिहिलंय?" त्याचा आवाज चिरकला. "कोर्टाच्या खिडकीवर विचारलं होतं मी, साहेब, भेट म्हणजे नक्की काय? म्हणाले, वाचता येत नाही का? लिहिलंय तेवढंच करा, जास्त केलंत तर तेही बंद होईल. मला वाटलं, तूच तसं लिहून घेतलंस."

दारामागून आवाज आला. "म्हणजे बाबाला थांबायचं होतं?"

त्याने होकाराची मान हलवली.

टिकली बाहेर आली. घड्याळाकडे बघत बोटं मोजली. "अजून दोन तास पन्नास मिनिटं आहेत. बूट काढू नकोस, मी रॅकेटी काढते."

गल्लीत बॅडमिंटनचं फूल दोनदा शेजारच्या पत्र्यावर गेलं, दोनदा शटरवाला वर चढला. पाच वाजले. मी हाक मारली नाही. साडेसहाला मारली, तीही दोघांना चहाला.

मंगळवारी तिला ताप आला. मी फोन केला. हातातलं काम टाकून तो आला आणि तिच्या उशाशी बसला; मी कामावर गेले. तुमच्या कागदात मंगळवार नाही.

आता तुम्ही बोला. सोबतच्या अर्जावर आम्ही दोघांनी सह्या केल्यात. ती ओळ खोडा आणि बापाने काय काय करायचं तेही सात ओळींत लिहा: ताप, शाळा, सुट्ट्या, सगळं. आणि खिडकीवरच्या त्या माणसाला विचारा, दहा शनिवार कसे भरून देणार? उत्तर लेखी हवंय. ज्याचे दोन अर्थ निघणार नाहीत असं.