पदराआडचा जबडा

पंखा चालू, जानेवारी महिना, तरी घामानं भिजलेलं पोलकं.

उशाशी पाण्याची बाटली. पूर्वी कधी नव्हती.

हुंगून पाहिलेला रुमाल. वास नाही.

पदराआड हलणारा जबडा.

जोतीरामनं हे सगळं एका गोणीत भरलं आणि तोंड शिवून टाकलं. बायको चोरून मिश्री लावतेय. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात उभा जन्म हमाली केलेला माणूस. वरून चांगला दिसणारा माल त्याला कधीच खरा वाटायचा नाही.

बाळाबाईचं तोंड कोरडं पडू लागलं, तेव्हा पहिल्या डॉक्टरनं मिश्री बंद करायला सांगितली होती. तिनं खंडोबाची शपथ घेऊन सोडली. तरी भाकरीचा घास पाण्याविना उतरेना. जोतीराम म्हणाला होता, "लबाडी घावली की गावाला सोडून यीन. बस मग एकली."

रविवारी सोसायटीच्या गेटापाशी ती मेथी घेत होती. जबडा हलत होता. तो मागून आला.

"आ कर."

"अवं, लोकं बगत्यात."

"बगू देत. आ कर म्हनतो न्हवं?"

मेथीवाली हसली. "काय दादा, बैल घ्यायचाय का? दात बघताय!"

बाळाबाईनं तोंड उघडलं. टाळूला चिकटलेली जीभ टक् करून सुटली. लालभडक, चिरा पडलेली. तिच्यावर चघळलेला पांढरा गोळा. जोतीरामनं तो बोटानं काढला, हुंगला. पुदिना.

"च्युइंगम हाय," ती म्हणाली. "बिनसाखरंचं. चावलं की जरा लाळ सुटती. नव्या डॉक्टरीणबाईनं सांगितलंय."

"मग लपवायचं कशाला?"

"म्हातारी म्हशीवानी रवंथ करती म्हंत्याल."

घरी लेकीनं, उत्कर्षानं, गोळ्यांचं पाकीट त्याच्यापुढं धरलं. "घाम ह्या गोळ्यांनी येतो, पप्पा. लाळ यावी म्हणून दिल्यात. आईच्या अंगाला तिच्याच लाळेच्या ग्रंथी परक्या वाटतायत. त्यांच्यावरच तुटून पडलंय ते."

"आपल्याच अंगावर? आसं कुटं आसतं व्हय?"

"तुमी नाय का पडत?"

त्यानं पाकीट बाजूला सारलं. मग कुणी बघत नाही असं पाहून स्वयंपाकघरात गेला. पिठाच्या डब्यामागं हात घातला. फडताळ चाचपलं. मसाल्याच्या बरण्या हलवल्या.

"त्यो तांदळाचा डबा ऱ्हायला," दारातून बाळाबाई म्हणाली. "त्याच्यामागं बी बगा."

त्यानं हात मागं घेतला.

तिनं ताट वाढून घेतलं, भाकरी आमटीत कुस्करली आणि जेवायला बसली. घास, घोट. घास, घोट. जोतीराम उभाच होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तळहातावर पहिली मिश्री ठेवली होती ती जोतीरामच्या आईनं.