समोरचा पडदा

मी पडदा बोलतोय, दुकानाच्या दारावरचा. निळीच्या कुंडात अकरा बुड्या मारून मी असा गडद निळा झालो. अंगावर दुकानाचं नाव तेवढं पांढरं राहिलं.

देवळाकडे चढणाऱ्या गल्लीत फुमियोबाईंचं मांजूचं दुकान. मांजू म्हणजे आत गोड पुरण भरून वाफवलेले गोळे. सकाळी मला दारावर अडकवलं की दुकान उघडलं, संध्याकाळी उतरवलं की मिटलं. खाऊन निघणारे जाता जाता मलाच हात पुसत. पडद्याची कड जितकी कळकट तितका धंदा जोरात, असं गल्लीत मानतात. मला त्या मळाची भारी ऐट होती! पुढे गिऱ्हाईक आटलं आणि माझी कड स्वच्छ राहू लागली. त्याचं फार वाईट वाटायचं.

समोर तोकुजी तांदळाच्या चकत्या भाजतात. त्यांच्या भट्टीच्या धुरावरून दोघांचं वीस वर्षं वाजलेलं.

"तोकुजी, तुमच्या धुरानं माझे मांजू काळवंडले!"

"मग तेवढीच चव आली म्हणायची!"

दोघंही एकटी. पण रोज सकाळी समोरचा पडदा बाहेर आला की नाही, हे दोघंही चोरून बघत.

गेल्या थंडीत एका सकाळी मी आतच होतो, काठीला गुंडाळलेला. बाई चुलीपाशी पडून कण्हत होत्या. मी सगळं ऐकत होतो, पण मला हाक मारता येत नाही.

नऊ वाजता दारावर धाडधाड थापा पडल्या. "अहो बाई, पडदा कुठाय? झोपा काढताय काय?" उत्तर येईना, तसं तोकुजींनी दारच उचकटलं.

बाईंचं कमरेचं हाड मोडलं होतं. मुलगा त्यांना दूर शहरात घेऊन गेला. निघताना त्यांनी तोकुजींच्या हातात किल्ली ठेवली.

"रोज पडदा लावत जा. माझं दार ओकंबोकं दिसायला नको."

"आणि मांजू मागितले तर?"

"तुमच्या चकत्या खपवा. शेवटी तुमचा धूरच जिंकला."

तेव्हापासून तोकुजी आधी मला लावतात, मग स्वतःचा पडदा. देवदर्शनाला आलेली माणसं मला बाजूला सारतात, बंद दार बघून निघून जातात. हात कुणीच पुसत नाही. मला फार एकटं वाटतं.

तोकुजी आता ब्याऐंशीचे आहेत. मला काठीवर चढवताना त्यांना मध्येच धाप लागते. त्यांचा पडदा बाहेर आला का, हे बघायला समोर आता मीच काय तो उरलोय.

म्हणून तुम्हाला विनवतो. देवळाकडे जाताना डाव्या हाताला निळा पडदा दिसला नाही, तर तसेच पुढे जाऊ नका. समोरचं दार वाजवा. जोरात वाजवा, त्यांना कमी ऐकू येतं.