हाक मारून पाहिलेलं नाव

मालिकेच्या लेखकांच्या खोलीत तिला सगळे आत्याबाई म्हणत, कारण पात्रांची नावं तीच ठेवायची. नायिका असो, सासू असो, नाहीतर दोन वाक्यं बोलून मरणारा डॉक्टर असो, आत्याबाईंनी नाव दिल्याशिवाय कोणी जन्माला येत नसे. तिची पद्धतही ठरलेली होती. नाव सुचलं की दारात उभं राहायचं आणि जिन्याकडे तोंड करून, पोराला जेवायला बोलवावं तशी खणखणीत हाक मारायची. आत बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहिला तर नाव पक्कं, नाहीतर पुढचं. खालच्या मजल्यावरच्या विमा कचेरीने तक्रार करणंही आता सोडून दिलं होतं.

त्या दिवशी नाव हवं होतं नायकाच्या शेजाऱ्याला. शेजारी ‘तसला’ होता. दिग्दर्शकाला याहून बरा शब्द सापडत नव्हता आणि तो शोधतही नव्हता. मनगट लुळं करून दाखवलं की त्याचं काम भागत होतं.

“नाव ऐकल्याबरोबर कळलं पाहिजे,” तो म्हणाला. “गडी दारात यायच्या आधी लोक हसले पाहिजेत.”

“नावावरून कसं कळेल?” नवीन लागलेल्या सहायक लेखिकेने विचारलं. “माझ्या मामाचं नाव पैलवानाला शोभेल असं आहे, आणि तो कित्येक वर्षं त्याच्या मित्राबरोबर सुखाने संसार करतोय.”

“आयुष्यात काहीही असू दे गं. आयुष्याला भरपूर वेळ असतो. आपल्याला जाहिराती सोडून वीस मिनिटं.”

खरं तर ही भूमिका ज्या नटाला मिळाली होती, त्याचं स्वतःचं नाव उच्चारताना तोंडात खडे यावेत इतकं राकट होतं. शिवाय त्याला बायको होती, दोन मुली होत्या, म्हणजे नावाने तरी शब्द पाळला होता. पण अशा गोष्टींवर बोलायला त्या खोलीत कोणाला सवड नव्हती.

आत्याबाईंनी एक नाव हाक मारून पाहिलं, ते गवयाचं वाटलं. दुसरं वाटलं शाळामास्तराचं. लोक घड्याळाकडे बघायला लागले, दिग्दर्शक पेन आपटायला लागला. मग तिच्या तोंडून एक नाव आपोआप बाहेर पडलं. मऊ, सगळी अक्षरं गोल, शेवटचा स्वर लांबवलेला. सगळी खोली पोट धरून हसली. “कुठून काढता हो आत्याबाई!” असं म्हणत दिग्दर्शकाने टेबलावर थाप मारली. तीही हसली. कौतुक झालं की तिला मोह आवरत नसे.

कुठून काढलं, ते तिला हसता हसताच कळलं होतं. ते तिच्या भाच्याचं नाव होतं.

आणि ते नाव ठेवलेलंही तिनेच. कधीकाळी स्वतःच्या मुलासाठी जपलेलं, पुढे मूल काही झालं नाही. भावाने हॉस्पिटलमधून फोन करून “तूच सांग काय ठेवायचं” म्हटलं, तेव्हा तिने ते देऊन टाकलं होतं. भाचा लहानपणी तिच्याकडेच असायचा. गच्चीत उभी राहून ती त्याला हाक मारायची, शेवटचा स्वर असाच लांबवून, आणि तो जिथे असेल तिथून धावत यायचा.

त्या क्षणीच “नको, दुसरं बघू” म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण सगळे अजून हसत होते. नाव तसंच राहू दिलं, एवढ्यावरच थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण शेजाऱ्याला एखादी लकब हवी असं ठरलं, तेव्हा आत्याबाईंनी लकबही दिली. शेजारी नायकाच्या नाकावरचा चष्मा काढतो, आपल्या शर्टाच्या टोकाने पुसतो आणि हळूच परत त्याच्या डोळ्यांवर चढवतो. लोकांना ती भलतीच आवडली.

मालिका लागली आणि ती हाक गल्लोगल्ली झाली. भाचा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. तिथले सोबती गिऱ्हाइकांसमोर त्याला स्वर लांबवून हाका मारू लागले, आणि कोणी ना कोणी आपला चष्मा पुसायला पुढे करू लागला. हे त्यानेच तिला सांगितलं, एका रविवारी, तिच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून. हेल्मेट मांडीवर धरलं होतं आणि चहा तसाच निवत होता.

“आत्या, एकच विचारतो. नाव सहज घेतलंस, की माझ्यावरून घेतलंस?”

“तुझ्यावरून? वेडा आहेस का? नावच तसं आहे रे, ऐकायला मऊ. घाईगडबडीत तोंडात आलं, झालं.”

“म्हणजे माझा विचारसुद्धा आला नाही?”

“सुतराम नाही. तुझा काय संबंध?”

तो तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी सांगायला आला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तिला तर ते काय आहे हेही ठाऊक होतं. फक्त “बोल ना” एवढं म्हणायचं होतं. तिने उठून त्याला बिस्किटं दिली.

“बरं,” तो म्हणाला. “निघतो मग.”

तो जिना उतरला आणि तिला हेल्मेट दिसलं, स्टुलावरच राहिलेलं. ती गच्चीत धावली. तो खाली गाडीपाशी पोचला होता. तिने तोंड उघडलं आणि हाक मारली, तीच, शेवटचा स्वर लांबवलेली. तिला दुसरी येतच नव्हती. समोरच्या लाँड्रीतून कोणीतरी लगेच तशीच हाक मारली आणि आत खसखस पिकली. भाच्याने वर पाहिलं नाही.

ती अनवाणीच खाली आली. हेल्मेट त्याच्या हातात देताना तिला मान वर करवेना.

“मग चष्मा?” त्याने हळूच विचारलं.

तिने हेल्मेटचा पट्टा उगाच सरळ केला.

“कॉलेजात असताना तुझ्याच स्वयंपाकघरात मी माझ्या मित्राचा चष्मा पुसत होतो. तू दारातून मागे फिरलीस. मला पावलं ऐकू आली होती, आत्या. इतकी वर्षं मी समजत होतो, आत्याला ठाऊक आहे, आणि ती आपलं झाकून ठेवतेय. घरात एक तरी माणूस आहे. बाबांना सांगायचं म्हणून आज तुला सोबत न्यायला आलो होतो.”

“चुकलं रे,” ती म्हणाली. तिला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. “नाव कसं गं बाई तोंडात आलं...”

“नावाला कशाला मध्ये आणतेस? तू ठेवलंस तेव्हा मी काही दिवसांचा होतो. तेव्हा त्याच्यात काहीच नव्हतं. हे आता तू घातलंस.”

लाँड्रीवाला हातात इस्त्री केलेले शर्ट घेऊन फळीपाशी आला. रोजचाच माणूस, मनाने वाईट नव्हता. “काय आत्याबाई,” त्याने डोळा मारला, “मालिकेतला शेजारी घरी आला वाटतं? नाव तेच, मग गडीही तसलाच का?”

भाचा वळून तिच्याकडे बघू लागला. रागाने नाही. तो थांबला होता. लहानपणी शाळेतल्या कुठल्याशा पोराने ढकललं की तो असाच तिच्याकडे बघायचा, आता आत्या बोलेल म्हणून.

आत्याबाई हसली. लेखकांच्या खोलीतलं ते सवयीचं हसू, कोणी काही गमतीचं बोललं की आपोआप येणारं. आवरायच्या आत ते बाहेर पडलंही.

भाच्याने हेल्मेट चढवलं आणि काच खाली ओढली.