टामोची खंडणी

टामो आमच्या महिला मंडळानं शिवला, तेव्हा त्याच्याकडून कोणाची फार अपेक्षा नव्हती. करड्या कापडाचा सील, समुद्रातला तो प्राणी, काळ्या बटणांचे डोळे, अंगात पिवळा रेनकोट. एक डोळा जरा वर गेलाय, कारण तो लावणारी बाई लावताना बोलत होती. पण आज या सीलनं जेवढा मुलूख पाहिलाय, तेवढा आमच्या अख्ख्या मंडळानं मिळून पाहिलेला नाही. ल्यूबेकला एका मिठाईवाल्याकडे राहून तो तिथल्या जुन्या वेशीपुढे फोटो काढून आला. हाम्बुर्गला एका क्रेनवाल्यानं त्याला बंदरातल्या क्रेनवर चढवलं. हेल्गोलांड बेटाच्या बोटीत त्याला उलटी झाली, असं तिथल्या यजमानीणबाई सांगतात. झाली असेल ती त्यांनाच. ज्याच्या घरी टामो येतो त्यानं त्याला आपल्याकडचं पाहण्यासारखं ते दाखवायचं, फोटो पाठवायचे आणि पुढच्या घरी पोचवायचं, एवढाच नियम.

या वसंतात तो ओस्टरझीलला, म्हणजे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या गावी परत आला. इथं कोणाच्या घरी द्यायचा हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी तो नजवाला दिला.

नजवा माझ्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. सीरियातल्या होम्सहून आली, आमच्या वृद्धाश्रमात काम करते, आणि तिची मुलगी सिद्रा इथल्या शाळेत जाते. मी लग्न केलं नाही, त्याबद्दल मला काही वाटतही नाही. पण सिद्रा मला फोल्के आजी म्हणते. असं म्हणणारं जगात दुसरं कोणी नाही, आणि त्या हाकेची मला सवय लागली होती. नजवाचा भाऊ ब्रेमेन शहरात असतो. तो सारखा फोन करायचा की इकडे ये, इथं आपली माणसं आहेत, आपली दुकानं आहेत, त्या चिखलात काय ठेवलंय. मायलेकींनी जाऊ नये असं मला वाटत होतं. पण तसं तोंडानं म्हणायला मी काय तिची आई नाही.

गावात तिचं कोणाशी वाकडं नव्हतं, पण जवळचंही कोणी नव्हतं. लोक मॉइन, म्हणजे आमचा नमस्कार, म्हणायचे, ती मॉइन म्हणायची, आणि बोलणं संपायचं. खरं तर आमच्याकडे सख्ख्या भावाशीही लोक एवढंच बोलतात. पण हे तिला कसं कळावं?

टामो हातात दिला तेव्हा ती जरा घाबरलीच. "फोल्केबाई, हरवला तर?"

"समुद्र ओलांडून आलाय तो. इथं काय हरवतोय."

मग काय, मायलेकींना दुसरा उद्योग उरला नाही. टामो लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या दीपगृहावर गेला, पवनचक्कीत गेला, बोटीनं नॉर्डरनाय बेटावर जाऊन वाळूत लोळून आला. सिद्रा त्याच्याशी अरबीत बोलायची. फोटो गावभर फिरले. बेकरीत लोक नजवाला थांबवून विचारायला लागले, की हा चक्कीच्या इतक्या वर कसा पोचला, आम्हाला तर तिथं कोणी जाऊ देत नाही. एकदा ती घरी येऊन हसत म्हणाली, "आज माझ्याशी कोणीतरी हवेशिवाय दुसऱ्या विषयावर बोललं." मला वाटलं, जमतंय. आता ब्रेमेनचं नाव निघायचं नाही.

आणि मग एक मे उजाडला.

मी स्वयंपाकघरात चहाची तयारी करत होते. दार वाजलं. बाहेर नजवा उभी, कमरेपर्यंत भिजलेली, हातात बूट, कोपरापर्यंत चिखल. तिच्यामागे सिद्रा होती आणि ती आवाज न करता रडत होती.

"टामो गेला," नजवा म्हणाली.

"गेला म्हणजे?"

"समुद्राच्या बांधावरच्या बाकावर बसवला होता, फोटोसाठी. तेवढ्यात सिद्राला खाली ओहोटीच्या चिखलावर खरा सील दिसला. आम्ही दोघी पळत बघायला गेलो. परत आलो तर बाक रिकामं. वाऱ्यानं पडला असेल म्हणून मी मागच्या कालव्यात उतरले. सगळा काठ हातानं चाचपला."

"अगं, कालव्यात? पाणी केवढं गार आहे."

"नाही मिळाला."

"आणि आजी, तिथं कोणीतरी जमीन खणली होती," सिद्रा म्हणाली. "बाकाच्या पुढं. फावड्याचे तीन घाव होते."

"तीन? एकाशेजारी एक?"

तिनं मान हलवली. आणि मी हसले. नुसती हसले नाही, टेबलाला धरून हसले, कारण मला फार आनंद झाला होता.

आमच्याकडे एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी प्रत्येक गाव मे महिन्याच्या स्वागताचा आपापला खांब उभा करतं, वर हिरवी कमान बांधून. सकाळपर्यंत त्या खांबावर गावातल्या कोणाचा तरी हात हवा. हात सुटला, की शेजारच्या गावची टपून बसलेली माणसं येऊन खांबाला हात लावतात, जमिनीत फावड्याचे तीन घाव घालतात, आणि खांब त्यांचा. मग भांडायचं नाही, पोलिसात जायचं नाही. खंडणी ठरते, एक पिंप बिअर आणि सगळ्यांना जेवण, आणि चोर आणि मालक एकाच टेबलावर बसून जेवतात. खांबाचा हा कायदा आम्ही बाकी गोष्टींनाही लावतो. शेजाऱ्याची ढकलगाडी, चर्चच्या पायरीवर विसरलेली छत्री, काहीही. मात्र उन्हाळी पाहुण्यांचं काही कधी उचलायचं नाही, ती खरोखरची चोरी होईल. तीन घाव घालतात ते फक्त आपल्या माणसासाठी.

म्हणून मी हसले. पण नजवाला दिसलं ते एवढंच, की ती थंडीनं काकडत दारात उभी आहे आणि घरमालकीण हसतेय. तिनं सिद्राचा हात धरला आणि जिना चढून गेली. वरचं दार बंद झालं.

मी मागोमाग गेले. दार तिनं उघडलं, पण आत पलंगावर बॅगा उघड्या पडल्या होत्या. "भावाला फोन केला," ती म्हणाली. "उद्या गाडी घेऊन येतोय."

"नजवा, ऐकून तरी घे. चोरलाय तो, पण ती चोरी नाही."

ती कपड्यांच्या घड्या करत होती. त्या न थांबवता म्हणाली, "फोल्केबाई, आमचं होम्सचं घर घेतलं तेव्हाही एक माणूस कागद घेऊन आला होता. तोही हेच म्हणाला, की ही चोरी नाही."

मी पलंगावरून घसरलेला एक कपडा उचलून तिच्या हातात दिला.

"एक वस्तू सांभाळायला दिली होती या गावानं मला," ती म्हणाली. "एकच. तीही कापडाची. तीसुद्धा नाही सांभाळता आली."

मी खाली आले, कोट घातला आणि तडक हब्बोकडे गेले. हब्बो माझा शेजारी, गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. शेजारच्या गावाचा खांब चोरायला तो पोरासोरांना घेऊन रात्रभर कुंपणाआड बसला होता, आणि हात हलवत परत आला होता, हे मला सकाळीच कळलं होतं. रिकामं फावडं घेऊन घरी यायची त्याला लाज वाटली असणार. तो अंगणात तेच फावडं धूत होता. टामो खिडकीत बसलेला, डोक्यावर हब्बोचं हेल्मेट.

"मॉइन, फोल्के. खंडणी आणलीस का?"

"खंडणी गेली खड्ड्यात. तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय?"

मी सगळं सांगितलं. कालव्याचं, बॅगांचं, भावाचं. हब्बोनं नळ बंद केला.

"पण मी घाव मारले होते की," तो म्हणाला. "नीट, सरळ रेषेत. तिला दिसले नाहीत?"

"दिसले. पण त्याचा अर्थ तिला कोणी सांगितलाय?"

"हे काय सांगायचं असतं?"

"कुठून कळणार मग तिला, टामोकडून?"

हब्बो फावड्याला टेकून उभा राहिला. त्याचं तोंड पार उतरलं होतं. "अगं, आपला पाद्री लांब श्टुटगार्टहून आला त्याला किती वर्षं झाली? भला माणूस आहे. पण त्याची एक कुंडी तरी कोणी उचलली का? कोणाचा हातच पुढं होत नाही. आणि आज बाकावर टामो बघितला, तर मी विचारसुद्धा केला नाही. नजवाचा आहे ना, म्हटलं, चला, उचला. आपल्या वृद्धाश्रमातली नजवा. माझ्या आईला भरवते ती."

"हे मला नको सांगूस. येऊन तिला सांग."

"मी? मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

"फावडं मारता येतं ना? चल, टामोला घे."

घरी पाहुणा आला आणि चहा मांडला, की नजवा वरून खाली येणार हे मला माहीत होतं. भांडण कितीही असो, पाहुण्यासमोर तोंड फिरवायचं नाही, हे तिच्याकडे आणि आमच्याकडे सारखंच आहे. ती आली. हातपाय धुतलेले, चेहरा दगडासारखा. सिद्रानं टेबलावर टामो पाहिला आणि आईकडे पाहिलं. नजवानं त्याला हात लावला नाही.

मी कपांत खडीसाखर टाकली, वर चहा ओतला, ती तडकल्याचा आवाज झाला. कडेनं साय सोडली. पहिला कप हब्बोनं न बोलता प्यायला. दुसराही. तिसरा ओतताना मी त्याला टेबलाखालून लाथ मारली.

"चुकलं माझं," हब्बो म्हणाला. मग त्यानं खांबाचं सांगितलं, घावांचं सांगितलं, पाद्र्याच्या कुंडीचं सांगितलं, सगळं उलटसुलट क्रमानं, आणि कपाळावरचा घाम पुसत राहिला. इतकं लांबलचक बोलताना मी त्याला त्याच्या बायकोच्या अंत्यविधीलाही ऐकलं नव्हतं. "आमच्या पोरांना हे कोणी शिकवत नाही. म्हणून लक्षातच आलं नाही की तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही पाण्यात उतरलात, त्याचं मला फार वाईट वाटतंय. घ्या तुमचा टामो. खंडणी माफ."

नजवानं कप बशीत ठेवला.

"फोल्केबाईंकडून चोरला असतात, तर खंडणी माफ केली असतीत?" तिनं विचारलं.

"हिला?" हब्बो म्हणाला. "हिच्याकडून दुप्पट घेतली असती."

"आणि पाद्र्याचा?"

"पाद्र्याचा चोरलाच नसता. सांगितलं की."

"मग मला माफ का?"

हब्बोनं माझ्याकडे पाहिलं. मी किटलीकडे पाहिलं. त्याचं त्यानं निस्तरायचं होतं.

"माफ नाही मग," तो शेवटी म्हणाला.

नजवानं टामोला उचललं, त्याचा रेनकोट नीट केला आणि टेबलावरून हब्बोच्या बाजूला सरकवलं. "तुमच्याकडेच राहू दे. खंडणी देऊन नेईन. जेवायला माणसं किती?"

"दलाची सगळी. त्यांच्या बायका. पंचवीसेक धरा."

"बिअर मी देणार नाही."

"बिअर आमची आम्ही आणू."

"आपलीच बिअर आणायची, मग ती खंडणी कसली?" सिद्रानं विचारलं. तिचा आवाज आता रडवेला नव्हता.

"तू गप," हब्बो म्हणाला, पण हसला. "नियमानं आठवड्याच्या आत द्यावी लागते. शनिवारी चालेल?"

"शनिवारी," नजवा म्हणाली. "तिखट असेल."

"सोसू."

शनिवार म्हणाली ती. भाऊ उद्या गाडी घेऊन येणार होता. मी नुसते कप गोळा केले, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की ते किती अवघड होतं. हब्बो टामोला काखेत मारून गेला. नजवानं पडवीत जाऊन भावाला फोन लावला. अरबीत खूप वेळ बोलली, मध्येच आवाज चढला. मला त्यातलं फक्त 'टामो' कळलं.

मग ती म्हणाली, "फोल्केबाई, जरा वर या. दोघींशिवाय जमणार नाही."

पंचवीस माणसांचा भात होईल असं पातेलं तिच्याकडे एकच होतं, आणि ते सगळ्यात मोठ्या बॅगेच्या तळाशी गेलं होतं. तिनं वरच्या चादरी काढल्या, मग पुस्तकं, मग बूट, मग सिद्राचे कपडे. पातेल्याच्या आतही स्वेटर ठासून भरले होते. तेही एकेक करून बाहेर काढले. पातेलं निघालं तेव्हा बॅगेत काही उरलं नव्हतं, आणि पलंगावर बसायला जागा नव्हती.

"आई," सिद्रा म्हणाली, "शनिवार झाला की हे सगळं परत भरायचं?"

नजवानं पातेलं खिडकीपाशी नेलं, आत बोट फिरवून पाहिलं. पाठमोरीच म्हणाली, "स्वेटर कपाटात ठेव. आजीला दे, तिचा हात वरच्या फळीला पोचतो."

सिद्रानं स्वेटर माझ्या हातात दिले. मला रडू आलं, आणि ते लपवायचं मी काही कारण पाहिलं नाही. मी ते वरच्या फळीवर ठेवले.