साबण संपेपर्यंत

पाहुणा किती दिवस राहणार असं कुणी विचारलं, की गोळीकाकांच्या घरात उत्तर ठरलेलं असायचं. साबण संपेपर्यंत. मुलीची पहिली नोकरी किती दिवस टिकेल? साबण संपेपर्यंत. समोरच्या बिऱ्हाडातलं भांडण, नव्या साहेबांचा उत्साह, काकूंच्या दादांचा राग, सगळं साबण संपेपर्यंत. हे एवढं म्हणून घरातली माणसं पोट धरून हसत आणि परका माणूस आपल्या शर्टाला काही लागलंय की काय ते बघत बसे.

नवा जावई असाच परका होता. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा काकूंनी विचारलं, "रजा किती दिवस आहे?" त्याने उत्तर द्यायच्या आत मुलगी आणि दादा एका सुरात म्हणाले, "साबण संपेपर्यंत." जावई गुणी. तो हळूच उठला, न्हाणीघरात गेला, फडताळ धुंडाळलं आणि साबणाची नवी वडी घेऊन आला. म्हणाला, "आहे की अजून एक." त्यावर दादा इतके हसले की त्यांना पाणी पाजावं लागलं. जावई वडी हातात धरून उभाच राहिला. हसला तोही, पण माणूस दारातल्या पायपुसण्यावर उभा राहून हसतो तसा.

गोळीकाकांना ते हसणं ओळखीचं होतं. वडी त्याच्या हातातून घेऊन त्यांनी जागेवर ठेवून दिली. बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता. जन्मभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्यांनी गोळ्या दिल्या. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. 'सकाळी एक, रात्री एक' यापलीकडे गिऱ्हाइकाशी बोलायची त्यांच्यावर फारशी वेळ आली नाही.

अपवाद एकच, आणि साबणाचा जन्म त्यातलाच.

तेव्हा गोळीकाका स्वतः नवे जावई होते. सासरी माणसं खंडीभर, आणि सगळी बोलकी. हे आपले कोपऱ्यातल्या खुर्चीत गुडघे जुळवून. कुणीतरी परदेशातून एक व्हिडिओ टेप आणली होती. तिच्यात इंग्रजांची एक जुनी विनोदी मालिका होती. सुटे सुटे प्रसंग, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही, आणि माणसं अशी भराभर बोलणार की त्यांच्यामागे पोलीस लागलेत. त्यातून टेपचा आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा. मंडळी नुसती बघत होती. मग दादा, म्हणजे काकूंचे थोरले भाऊ, वळून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही डॉक्टरांचं अक्षर वाचता. इंग्रजांचं बोलणं म्हणजे तुमच्या हातचा मळ. सांगा की काय म्हणतायत."

सगळी खोली त्यांच्याकडे बघू लागली. गोळीकाकांचं इंग्रजी बाटलीवरचं होतं. हलवून घ्यावे, थंड जागी ठेवावे, मुलांपासून दूर ठेवावे. पण 'मला कळत नाही' असं भर खोलीत म्हणायला जे धैर्य लागतं तेही त्यांच्याकडे नव्हतं. पडद्यावर भर रस्त्यात एक न्हाणीचा टब होता. त्यात काळी टोपी, काळा कोट घातलेला एक गृहस्थ बसला होता आणि एक पोलीस त्याला काहीतरी विचारत होता. गोळीकाकांच्या तोंडून निघून गेलं, "पोलीस विचारतोय, इथे का बसलात? तो म्हणतोय, घरी पाहुणे आलेत."

खोली हसली. "पोलीस विचारतोय, किती दिवस? तो म्हणतोय, साबण संपेपर्यंत."

खोली कोसळली. दादांनी पाठीत थाप मारली. काकू, म्हणजे तेव्हाची नवी नवरी, पदर तोंडाला लावून जे हसली, त्या हसण्यावर गोळीकाकांचा पुढचा सगळा संसार उभा राहिला. त्या दिवसापासून ते कोपऱ्यातल्या खुर्चीतून सोफ्यावर आले. टेप पुढे मशीनने चावून चावून खाल्ली, पण प्रसंग राहिला. लग्नात, बारशात, आजारपणात, 'जावईबापू, टबाचं सांगा.' मुलगी तर लहानपणी तेच ऐकत झोपायची.

खोटं एकदा बोलावं आणि विसरून जावं. त्याला एवढा मानसन्मान मिळाला, की त्याचं करायचं काय?

आता मुलीचा फोन आला. काकूंनी तो मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"आई, तुझ्या जावयाने ती मालिका शोधून काढलीय. डिस्कवर. टबाचा प्रसंगही आहे."

"अगं बाई. बाबांना सांगते."

"रविवारी घेऊन येतोय. मामाला बोलाव."

"तुझ्या मामाला आता ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही."

"म्हणून तर. याने खाली सबटायटल बसवलीयत. मराठीत. ऑफिसात आठवडाभर तेच करत होता."

जावयाची नोकरीच ती. परभाषेतल्या सिनेमांच्या खाली ओळी बसवायच्या. जगात इतके धंदे आहेत, कुणी पंखे दुरुस्त करतं, कुणी दात काढतं, आणि आपल्या नशिबी जावई आला तो नेमका हा.

भीती हसं होण्याची नव्हती. भीती दादांची होती. दादांना खोटं खपत नसे. गाडी चुकली अशी थाप मारल्याबद्दल त्यांनी सख्ख्या चुलतभावाशी कित्येक वर्षं अबोला धरला होता. आणि येणाऱ्या जाणाऱ्याला ते सांगत, "आमच्या जावईबापूंचं बोलणं थोडं, पण शब्दाला पक्के." रविवारी दुपारी पक्का शब्द पडद्याच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत उघडा पडणार होता. मग काकू काय म्हणेल? ती पदराआडून हसली होती ती कुणाला? टबातल्या इंग्रजाला, की थापाड्या गोळीवाल्याला?

रविवारी सकाळी त्यांनी रिमोटमधले सेल काढून खिशात घातले. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळातले काढून रिमोटमध्ये घातले.

"घड्याळ बंद पडलं ना," गोळीकाका म्हणाले.

"पडू दे. कुठे जायचंय तुम्हाला?"

"पोटात जरा गुडगुड होतेय. मी आत पडतो."

"गोळी घ्या. दुकान तुमचंच होतं ना? आणि खिशात काय वाजतंय?"

मंडळी जमली. दादा सोफ्याच्या मध्यावर, कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात, कारण त्यातून नुसती शिट्टी ऐकू येते अशी त्यांची तक्रार. त्यांच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला गोळीकाका आणि त्यांच्या पायाशी सतरंजीवर मुलगी. जावई डिस्क लावून दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसला. दोन्ही गुडघे जुळवून.

गोळीकाकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. तोंडावर रेष हललेली नव्हती. मुलगा चांगला होता. त्यातल्या त्यात हेच वाईट होतं, की तो काही वाईट करत नव्हता.

चित्र सुरू झालं. रस्ता, टब, टबात काळी टोपी. आणि आवाज, देवा, आवाज काचेसारखा स्वच्छ. पोलीस आला, काही बोलला. गोळीकाकांचं इंग्रजी मधल्या वर्षांत दूरदर्शन बघून बरंच सुधारलं होतं. त्यांना आज पहिल्यांदा कळलं. पोलीस विचारत होता, या जहाजाचा परवाना आहे का? आणि टबातला गृहस्थ म्हणत होता, मी कप्तान आहे, भरती यायची वाट बघतोय.

जहाज. परवाना. भरती. पाहुण्यांचं नाव नाही. गोळीकाकांनी डोळे मिटले.

मग शेजारून दादांचा आवाज आला. दादा वाचत होते, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या खणखणीत आवाजात. "इथे का बसलात? घरी पाहुणे आलेत."

गोळीकाकांनी एक डोळा उघडला.

पडद्याच्या तळाशी, पांढऱ्या अक्षरांत, विरामचिन्हांसकट लिहिलं होतं. किती दिवस? आणि त्याखाली, साबण संपेपर्यंत.

दादांनी सोफ्याच्या हातावर मूठ आपटली. "बघा. शब्दाला शब्द. मी काय सांगत होतो? एवढ्या वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

पोलीस बूट काढून टबात बसला. ओळ आली, 'आमच्याकडेही सासूबाई आल्यात.' बरोबर, तेच. पोस्टमन आला, पिशवीसकट टबात बसला. 'पत्र कुणाचं आहे?' 'पाहुण्यांचंच. येतोय म्हणून.' तेही तसंच. भाजीची टोपली घेतलेली बाई आली, आणि गोळीकाकांनी एकदा तापात असताना तिच्या तोंडी घातलेलं वांग्याचं वाक्यसुद्धा जागच्या जागी आलं. लिहिलेलं दिसलं की खरं वाटतं, हा त्यांचा जुना आजार. औषधाच्या बाटलीवर छापलेलं त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. चौथी पाचवी ओळ वाचेपर्यंत त्यांच्या मनात शंका डोकावली, आपण तेव्हा बरोबरच तर सांगत नव्हतो? आजच ऐकण्यात काही चूक होत असेल. इंग्रजांचं काय सांगावं.

"अहो," काकू दादांच्या पाठीमागून वाकून म्हणाल्या, "मला एवढं काही इंग्रजी येत नाही, पण ते सारखं शिप शिप काय म्हणतायत?"

गोळीकाकांनी खिशातले सेल चाचपले.

"टबाला म्हणतात आई," स्टुलावरून जावई म्हणाला. "खेड्यापाड्यातले इंग्रज."

"असं होय," काकू म्हणाल्या आणि परत पडद्याकडे वळल्या. सतरंजीवर मुलीला अचानक खोकल्याची उबळ आली. तिने उशीत तोंड खुपसलं.

गोळीकाका हळूहळू वळले आणि त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई पडद्याकडेच बघत होता. फक्त त्याचे कान लाल झाले होते.

आता शेवट आला. टब माणसांनी गच्च भरलेला, आणि कडेला टॉवेल हातात घेतलेला एक किडकिडीत माणूस येऊन उभा राहतो. जुन्या टेपला इथे सुरकुती होती. त्याचे नुसते ओठ हलायचे, आवाज खरखरायचा आणि चित्र संपायचं. दादा दर वेळी विचारत, शेवटचा काय म्हणतो? गोळीकाका दर वेळी सांगत, ते नाही ऐकू येत. का कोण जाणे, त्या एका माणसाच्या तोंडी काही घालायला त्यांना जमलं नव्हतं. हातात टॉवेल घेऊन काठावर उभ्या असलेल्याने काय बोलावं, ते त्यांना सुचायचंच नाही.

किडकिडीत माणसाने तोंड उघडलं. दादांनी वाचलं, "जरा सरकून घेता का? मीही घरचाच आहे."

मग दादांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं, आणि ते असे हसले की सोफा हलला. काकूंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसता हसताच दादा थांबले. त्यांनी गोळीकाकांकडे मान वळवली. भुवया जुळल्या.

"जावईबापू, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत."

खोली पुन्हा त्यांच्याकडे बघत होती, पूर्वीसारखीच. दारापाशी स्टुलावर तो मुलगा ताठ बसला होता, आता श्वाससुद्धा घेत नसावा. शेवटची ओळ सोडली तर सगळं त्याने इमानदारीने दुसऱ्याचं मांडलं होतं. ही एकच त्याची होती. 'हे मला माहीत नाही' एवढंच गोळीकाकांनी म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं, आणि दादा त्या पोराला सोलून काढायला मोकळे झाले असते.

गोळीकाका दादांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले,

"तिथे टेपला सुरकुती होती दादा. आज स्वच्छ ऐकू आलं. तेच म्हणतोय तो."

"अक्षरशः?"

"अक्षरशः."

"मग झालं," दादा म्हणाले आणि सोफ्यावर मागे टेकले. "तुम्ही म्हणताय म्हणजे संपलं."

गोळीकाका सोफ्याच्या कडेला सरकले. जागा वीतभरच झाली. म्हणून दादांच्या बरगडीत कोपर घालून त्यांनी दादांनाही सरकवलं आणि दादांनी काकूंना. मग त्यांनी जावयाकडे बघून शेजारच्या मोकळ्या जागेवर हात थोपटला. तो आला, अंग चोरून बसला. पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला होता. चार माणसं एका शिडीवर चढून भांडत होती.

"ओळी कुठून आणल्यास?" गोळीकाकांनी ओठ न हलवता विचारलं.

"हिच्याकडून. तिला सगळं पाठ आहे."

"हं. आणि तो टॉवेलवाला? तो मुळात काय म्हणतो?"

"म्हणतो, टॉवेल भाड्याने मिळेल."

गोळीकाकांनी यावर बराच विचार केला.

"आपलं बरं आहे," ते म्हणाले.

"या शिडीवाल्यांच्या खाली काही नाही लिहिलेलं?" दादा ओरडले. "काय म्हणतायत हे? जावईबापू?"

गोळीकाकांनी तोंड उघडलं, मग मिटलं आणि शेजारच्याला गुडघ्याने हळूच ढोसलं.

"आता तू सांग," ते म्हणाले. "माझ्या पोटात गुडगुड होतेय."